रुखवतातलं मैदान

माझं लग्न ठरलं तेव्हा घरात सगळ्यांनाच प्रश्न पडले होते. मांडव कॉलनीच्या मोकळ्या जागेत घालायचा की विहारासमोर, नवऱ्यामुलाकडची पालमची माणसं किती येतील, मे महिन्यात एवढ्या लोकांना पाणी कुठून पाजायचं. मला एकच प्रश्न होता आणि तो चारचौघांत विचारण्यासारखा नव्हता. माझ्या क्रिकेटवाल्यांचं काय होणार? बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात माझ्याकडे खेळाडूंची एकतीस कार्डं होती आणि ती मला सासरी न्यायची होती. साड्या, भांडी, भिंतीवरचं घड्याळ, काय द्यायचं ते द्या नाहीतर देऊ नका, मला त्यात रस नव्हता.

ही कार्डं सुटी मिळत नसत. ती खेळण्यातल्या मोटारींच्या पाकिटात यायची. मोटार तळहातावर मावेल एवढी, ओतीव धातूची, हातात घेतली की वजन लागायचं. पाकिटाला पुढून पारदर्शक प्लास्टिक, मागून पुठ्ठा, आणि पुठ्ठ्याच्या घडीत एक कार्ड, बाहेरून न दिसणारं. कार्डाच्या एका बाजूला क्रिकेट खेळाडूचा रंगीत फोटो, दुसऱ्या बाजूला त्याचं नाव, जन्मगाव, धावा, बळी आणि कोपऱ्यात एक नंबर. मोटारीचा आणि क्रिकेटचा काय संबंध ते त्या कंपनीलाच ठाऊक. कार्डाच्या लोभानं पोरं मोटार घेतील असा त्यांचा अंदाज असावा. आमच्या घरात तो साफ चुकला, कारण आमच्याकडे मोटारीवर जीव असलेला एक जण होता आणि कार्डावर जीव असलेली दुसरी.

बाबा पूर्णेच्या लोकोशेडला फायरमन होते. कोळशाच्या इंजिनावर निजामाबादपर्यंत जायचे, तिथल्या रनिंग रूममध्ये झोप काढायचे आणि दुसरी गाडी घेऊन परत यायचे. त्याआधी आम्ही सोनपेठकडच्या एका खेड्यात राहायचो आणि बाबा सुट्टीला यायचे. विद्यापीठाच्या नामांतराचं पेटलं त्या वर्षी आमच्या वस्तीतली घरं जळाली, त्यात आमचंही गेलं. मग बाबांनी क्वार्टर मिळवलं आणि माय आम्हा दोघा भावंडांना घेऊन पूर्णेला आली. त्या दिवसांबद्दल आमच्या घरात फार बोललं गेलं नाही. मायला मात्र वस्तू सांभाळायची सवय लागली. कान तुटलेला कपसुद्धा ती फेकायची नाही, त्यात मीठ ठेवायची.

निजामाबादच्या स्टेशनबाहेर एक म्हातारा खेळणी विकायला बसायचा. मी बारा वर्षांची असेन, तेव्हा बाबांनी त्याच्याकडून पहिलं पाकीट आणलं. अर्थात भावासाठी. पोरगा म्हटला की मोटार, हे बाबांनाही सुटलं नव्हतं, सभेत भाषणं कितीही ऐकोत. माझ्यासाठी त्यांनी लाल रिबीन आणली होती. मी ती रिबीन उंबऱ्यावर टाकली आणि माझं काय म्हणून असा गोंधळ घातला की शेजारच्या काकू बघायला आल्या. मायनं पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं केलं, मागचा पुठ्ठा नखानं सोडवला आणि आतलं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, मोटार त्याची, हे तुझं. आणि तो निवाडा पुढची सगळी वर्षं टिकला.

खरं सांगायचं तर ते कार्ड मी फाडणार होते. माझी समजूत काढायला कागदाचा तुकडा दिलाय, एवढं कळण्याइतकी मी मोठी होते. पण फाडायच्या आधी बघितलं. एक गोलंदाज चेंडू टाकताना हवेत उडालेला, दोन्ही पाय जमिनीच्या वर, मागे निळंशार आभाळ. माणूस असा हवेत कसा राहतो आणि खाली कसा येत असेल, ते मी किती तरी वेळ बघत बसले. मग ते कार्ड माझ्या भूगोलाच्या पुस्तकात गेलं.

नावं मी इथे लिहीत नाही. ज्यांना क्रिकेट कळतं त्यांना ती पाठ आहेत, आणि ज्यांना कळत नाही त्यांना सांगून उपयोग नाही.

पुढे बाबा अधूनमधून पाकीट आणत राहिले. यात एक अन्याय होता आणि मी तो वर्षानुवर्षं बोलून दाखवला. मोटार पुढून दिसायची, त्यामुळे भाऊ बाबांना आधीच सांगून ठेवायचा, या खेपेला हिरवी जीप आणा, या खेपेला फायर ब्रिगेड. माझं कार्ड झाकलेलं. त्याला निवड होती, मला नशीब. एकदा तर लागोपाठ तीन पाकिटांत तोच तो जाडगेला यष्टिरक्षक आला. मी बाबांवर रुसले. त्यांनी तो रुसवा मनावर घेतला असावा, कारण नंतर त्यांनी त्या म्हाताऱ्याशी दोस्ती केली. एकाच वाटीतला चहा दोघं पिऊ लागले आणि म्हातारा त्यांना पुठ्ठ्याची कड उचलून आत डोकावू द्यायला लागला. बाबांना इंग्रजी नावं वाचता येत नव्हती, पण कार्डावरचा नंबर वाचता यायचा. कोणते नंबर घरी आहेत ते त्यांनी पाठ केले होते. इंजिनात कोळसा टाकता टाकता ते नंबर म्हणत असतील, असं वाटून मला अजून हसू येतं. एकदा आत डोकावताना त्यांचा काळा अंगठा एका कार्डावर उमटला, बरोबर आभाळाच्या मधोमध. ते सारखं माफी मागितल्यासारखं पुसत होते. मी म्हटलं, राहू द्या, आता ते कुणी चोरलं तरी ओळखू येईल.

भावानं मोटारींचं जे करायचं ते केलं. रुळाच्या कडेच्या राखेत त्या पळवल्या, दगडावरून सोडल्या, एकमेकींवर आदळल्या. त्यांचा रंग गेला, चाकं गेली. माझी कार्डं कोरीच्या कोरी राहिली, आणि त्यावरून तो मला चिडवायचा. म्हणायचा, तुझे खेळाडू खेळतच नाहीत, नुसते निजून राहतात. मी त्याला सांगायची की तुझ्या मोटारी दवाखान्यात भरती करायच्या लायकीच्या झाल्यात. आमचं भांडण लागलं की माय मधे पडायची नाही, तव्यावरची भाकरी उलटायची.

त्र्याऐंशीला आपण जिंकलो आणि कॉलनीतल्या प्रत्येक पोराला अचानक क्रिकेट सुचलं. त्याआधी रेडिओवरची कॉमेंट्री ऐकणारी क्वार्टरांच्या रांगेत मी एकटी मुलगी होते आणि त्यावरून बोलणी खायची. आता तीच पोरं डबा दाखव म्हणून दारात यायला लागली. मी त्यांना आधी हात धुवायला लावायची. नळावर जाऊन या, मग बसा, आणि कडेला धरा, फोटोवर बोट नको. कुणी गोट्या देऊ केल्या, कुणी पतंग. एकानं तर सायकल शिकवतो म्हणून सांगितलं. मी कुणाला एकही दिलं नाही. यष्टिरक्षक तीन होते, त्यातला एक द्यायला हरकत नव्हती, पण दिला नाही. मी अशीच होते.

खेळाडूंना ओळखणारं घरात दुसरं कुणी होतं तर ती माय. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे कार्डाची मागची बाजू तिच्या लेखी नव्हतीच. पण चेहरे तिला पाठ होते आणि प्रत्येकाला तिनं आपलं नाव दिलं होतं. एक दाढीवाला. एक पोस्टमन, कारण तो आमच्या पोस्टमनसारखा दिसायचा. एक उपाशी, गालफडं बसलेला. एक मामा. दुपारी मी चटईवर कार्डं मांडायची, ती सुपात डाळ निवडत समोर बसायची. मधेच विचारायची, आज पोस्टमन दिसंना? मी सांगायची, तो दुसऱ्या ओळीत आहे. मला त्यांच्या धावा माहीत होत्या, तिला त्यांची तब्येत. उपाशी माणसाला खायला घालायला कुणी आहे की नाही, याची तिला खरोखर काळजी होती.

पुढे पाकिटातून कार्ड यायचं बंद झालं. नुसती मोटार यायची. पण तोवर भावाला मिशा फुटल्या होत्या आणि त्यालाही मोटारी नको होत्या. माझ्याकडे एकतीस झाली आणि तिथेच थांबली.

पालमचं स्थळ चांगलं होतं. मुलगा पंचायत समितीत कारकून, वडील प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. शिकलेली मुलगी हवी, बाकी आमचं काही म्हणणं नाही, असं त्यांनी पहिल्या बैठकीतच सांगितलं. बाबा खूश झाले. मी मुलाला नीट बघितलंसुद्धा नाही, माझी बी.ए.ची परीक्षा तोंडावर आली होती. मला परीक्षेसाठी परभणीला मावशीकडे राहायला जायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मी मायला स्पष्ट सांगितलं की डबा मी सासरी नेणार आहे. ती बाजरीचं पीठ मळत होती. म्हणाली, बघू. मी म्हटलं, बघू नाही, नेणारच. सगळ्यांना नेणार. तिनं हात धुतले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, सगळ्यायला? मी म्हटलं, हो, यष्टिरक्षक तीनच्या तीन.

परीक्षा झाली. पेपर बरे गेले. पॅसेंजरनं पूर्णेला उतरले, क्वार्टरच्या दाराशी आले तर आतून बायकांचा गलका. रुखवताची तयारी चालली होती. आमच्या कॉलनीतलं रुखवत सगळ्या पूर्णेत नावाजलेलं होतं. शेजारच्या काकू त्यातल्या म्होरक्या. खोबऱ्याच्या वाट्यांची गाय, शंखशिंपल्यांचा मोर, थर्माकोलचा स्तूप, हे तर असायचंच. शिवाय त्या वर्षांत आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात थर्माकोलचं विद्यापीठाचं गेट असायचं आणि त्यावर ठळक अक्षरांत ते नाव रंगवलेलं. नामांतराचं सरकारचं ठरायचं होतं, पण आमच्या बायकांनी रुखवतात ते कितीदा देऊन टाकलं होतं. माझ्यासाठीही गेट तयार होतं. भिंतीला टेकवून ठेवलेलं, रंग ओला.

आणि त्याच्या शेजारी, दाराइतक्या रुंद फळीवर, एक क्रिकेटचं मैदान होतं.

लाकडाचा भुसा हिरवा रंगवून पसरलेला. पांढऱ्या लोकरीची सीमारेषा. केरसुणीच्या काड्यांच्या यष्ट्या. बुटाच्या खोक्याचा पॅव्हिलियन. काळा फळा करून त्यावर खडूनं लिहिलेलं, वधूपक्ष शंभर, वरपक्ष शंभर. कुणाला राग यायला नको म्हणून दोन्हीकडे शंभर. आणि मैदानावर माझी माणसं उभी होती. कार्डातून कात्रीनं कापून काढलेली, मागे पुठ्ठा चिकटवलेला, पुठ्ठ्याला काडी, काडी भुशात रोवलेली.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, कुठल्या मासिकातून कापलेत. मग मला पोस्टमन दिसला.

सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. काकू म्हणाल्या की तुझ्या मायनं एकटीनं केलंय, आम्हाला हात लावू दिला नाही, कात्रीसुद्धा दिली नाही. आणि खरंच, काम असं बारीक होतं की एकाचंही बोट तुटलं नव्हतं. बॅटची कडसुद्धा सरळ कापलेली. पिशवी ठेवली, मागच्या दारानं गेले आणि न्हाणीत जाऊन रडले. नुसती हळहळून नाही, रागानं रडले. धावा गेल्या. जन्मगावं गेली. नंबर गेले. सगळं खळीनं पुठ्ठ्याला चिकटून बसलं होतं. आणि ते आभाळ गेलं. खेळाडूच्या भोवतीचं आभाळ कापून टाकल्यावर त्यावरचा बाबांचा अंगठाही केरात गेला होता.

बायका गेल्यावर माय न्हाणीच्या दाराशी आली. मी तिला जे बोलले ते सगळं इथे लिहायचं कारण नाही. तुला काय कळतं त्यातलं, हेही बोलले. मग म्हणाली,

“पेटीत परक्या मानसांचे फोटू घेऊन कोन जातं सासरी?”

मी तांब्यानं तोंडावर पाणी मारलं.

मग तिनं सांगितलं. आमच्या रांगेच्या टोकाला राहणाऱ्या एका कुटुंबातल्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा सासरच्या बायकांनी रीतीप्रमाणे तिची पेटी उघडली. कपडे बघायचे, मोजायचे, नावं ठेवायची, हे सगळीकडे चालतं. तिच्या पेटीत सिनेमातल्या एका नटाचा फोटो निघाला. एकच फोटो, तोही कॅलेंडरवरचा. हा कोण, कुठला, तुझा काय लागतो, एवढं झालं की मुलगी पहिल्या सणाला माहेरी आली ती कितीतरी महिने इथेच राहिली. मी त्या मुलीला रोज नळावर बघत होते आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. मायला माहीत होतं. आणि मी तिला सांगून गेले होते की एकतीस नेणार.

“डबा पेटीत घातला असता तर सगळ्यायला उघडून बघितलं असतं,” माय म्हणाली. “रुखवतातलं कोनी इचारत न्हाई, हे कोन म्हनून. समद्या गावासमोर मांडायचं अन् समद्या गावासमोर न्यायचं. तू म्हनलीस सगळ्यायला न्यायचं. मी सगळ्यायला काढलंय. एकबी मागं न्हाई.”

मी म्हटलं, न कापता मांडायचे होते. काचेत लावायचे होते.

“निजलेल्या मानसाकडं कोन बघतं? उभं केलं की खेळायलेत असं दिसतं.”

राग होता तेवढाच राहिला, पण त्याला धरायला काही सापडेना. बाहेर येऊन मी फळीसमोर बसले. आणि जरा नीट बघितल्यावर दुसराच संताप आला. क्षेत्ररक्षण भलतंच होतं. हळदीकुंकवाला बसवतात तशी तिनं सगळ्यांना गोल उभं केलं होतं, तोंडं आत. माझ्याकडच्या बऱ्याच कार्डांवर फलंदाज होते, म्हणून मैदानात सहा जण बॅट घेऊन उभे. यष्टिरक्षक तीन, एका ओळीत. ज्यांचे नुसते छातीपर्यंत फोटो होते ते उभे राहू शकत नव्हते, म्हणून पॅव्हिलियनमध्ये प्रेक्षक म्हणून बसवलेले. त्यामुळे माझ्याकडचा सगळ्यात मोठा फलंदाज, ज्याच्या धावा मला झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता आल्या असत्या, तो बुटाच्या खोक्यात बसून मॅच बघत होता. अंपायर कार्डांत नव्हता, म्हणून केसतेलाच्या डब्यावरच्या चित्रातला माणूस पांढरा कागद गुंडाळून उभा केलेला.

मला ते सहन होईना. मी एकेक काडी उपटली आणि दुसरीकडे रोवायला लागले. हवेत उडालेला गोलंदाज यष्ट्यांच्या मागून काढून योग्य टोकाला आणला. दोघांना स्लिपमध्ये, एकाला सीमारेषेवर. माय शेजारी बसली आणि भुसा सारखा करायला लागली. मी चार फलंदाज काढून बाजूला ठेवले, तर तिनं हात धरला. म्हणाली, त्यायला काढू नको. मी सांगितलं, एका वेळी दोनच असतात. ती म्हणाली, असू दे, पन ते बी यायलेत ना. मग ते चौघं तसेच राहिले, बॅटींसकट, मैदानाच्या चार कोपऱ्यांत. तीन यष्टिरक्षकांना मी एकामागे एक उभं केलं, म्हणजे समोरून एकच दिसेल. काम संपेपर्यंत आम्ही दोघी गरजेपुरतंच बोललो.

लग्न आमच्या पद्धतीनं झालं. पांढरी साडी, समोर दोन तसबिरी, वंदना. रुखवताभोवती गर्दी मात्र गेटपेक्षा मैदानाकडे जास्त. पालमची पोरं सहा फलंदाज मोजून हसत होती. नवरदेवाच्या एका मित्रानं मोठ्यानं विचारलं की ही कुठली मॅच. नवरदेव वाकून बराच वेळ बघत होता, मग म्हणाला, स्लिप बरोबर लावलीय. ते मी लांबून ऐकलं. माणूस निदान खेळ बघणारा निघाला, एवढं मनात आलं. राग त्यानं कमी झाला नाही.

पालमला गेल्यावर तिसऱ्या दिवशी चुलतसासूबाईंनी आणि नणंदेनं माझी पेटी उघडली. साड्या उलगडल्या, घड्या केल्या, काठ चिमटीत धरून बघितले. पेटीच्या तळाशी हात घालून चाचपलं. काही निघालं नाही. मैदान त्या वेळी बैठकीच्या खोलीत कपाटावर होतं आणि शेजारणी येऊन बघून जात होत्या. सुनेच्या आईनं केलंय, असं सासूबाई प्रत्येकीला सांगायच्या. त्या एकतीस पुरुषांपैकी एकाबद्दलही मला कुणी विचारलं नाही.

काही महिन्यांनी माय पहिल्यांदा पालमला आली. लेकीच्या घरी नातवंडाआधी जेवायचं नाही, असलं काही आपण मानत नाही, असं बाबांनी तिला किती वेळा सांगितलं असेल. तरी तिनं नुसता चहा घेतला. सासूबाई बाहेर गेल्यावर ती खुर्चीवर चढली आणि कपाटावरचं मैदान बघायला लागली. धूळ बसली होती. एकाची काडी कलली होती, ती तिनं सरळ केली. पदरानं पॅव्हिलियन पुसला. वरूनच, माझ्याकडे न बघता, तिनं विचारलं,

“कोनी काही इचारलं न्हाई ना तुला?”

मी म्हटलं, नाही. कुणीच नाही.

ती खाली उतरली. खुर्ची जागेवर ठेवली. मला वाटलं, आता ती म्हणेल, बघ, मी सांगत होते. मी तयारच होते, उत्तर ओठांवर होतं. पण ती ते बोललीच नाही.

“माझे गजगे व्हते, सागरगोटे,” ती म्हणाली. “लगीन झालं तवा मी बारा वर्षाची. लय खेळायची मी. हाताला बसलेले गजगे व्हते. कोनाला न सांगता लुगड्याच्या घडीत घालून आनले. तुझ्या आजीनं पेटी उघडली. म्हनली, सून आनली का लेकरू आनलं. अन् उकिरड्यावर फेकून दिले.”

मी विचारलं, मग तू काय केलंस.

“काय करायचं? मला काय म्हाईत व्हतं. कोनी सांगितलं असतं तर त्यायची गाय केली असती, नाहीतर मोर. रुखवतात मांडले असते. मंग कोनी फेकले नसते.”

हे तिनं कुणाची तक्रार म्हणून सांगितलं नाही. आजीला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तिनं ते सांगितलं ते पदराचं टोक बोटाला गुंडाळत, बाजारात काही विसरून राहिल्याचं सांगावं तसं. माझी माणसं कापली गेली होती, पण या घरात उभी होती. तिचे गजगे अख्खे होते आणि ते उकिरड्यावर गेले. कात्री हातात घेताना तिला एवढंच ठाऊक होतं.

मी विचारलं, कसे होते तुझे गजगे?

ती आधी हसली. मग सांगायला लागली. एक राखाडी, पण एका अंगाला काळसर. एक चपटा, तो झेलायला सोपा, म्हणून शेवटी ठेवायची. एक तिच्या थोरल्या भावानं काट्याच्या झुडपात हात घालून काढून दिलेला, त्याचा हात तेव्हा रक्तबंबाळ झाला होता. एकाला चीर होती, तो जमिनीवर पडला की वेगळा वाजायचा. नणंद पाण्याची कळशी घेऊन आली आणि दारात थांबून ऐकायला लागली. पूर्णेच्या बसची वेळ झाली, तरी मायचं सांगून संपलं नव्हतं.